वावधन वीस मिनिटांचं, निस्तरायला पाच दिवस

वावधन म्हणजे आमच्याकडचा अचानक सुटणारा वादळी वारा. गाव अमरावतीच्या चांदूर बाजार तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे भांडणं येणार आहेत आणि त्यातली माणसं रोज एकमेकांच्या दारावरून जातात. अख्खं गावही इथे घेतलेलं नाही. मारुतीच्या पारापासून नाल्यापर्यंतची पंचवीसेक घरांची एक गल्ली आणि नाल्यापलीकडची घरकुलांची वस्ती, एवढंच हे प्रकरण. गल्लीतली निम्मी घरं स्लॅबची, बाकीची टिनाची, दोन-चार जुनी कवेलूची. एक पिठाची गिरणी, एक किराणा, आणि लग्नसराईत जेवायलाही फुरसत नसलेला एक मंडप-डेकोरेशनवाला. या शेवटच्या माणसाकडे लक्ष ठेवा.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता, पारा ४४ च्या वर. दुपारी हवामान खात्याचा संदेश बऱ्याच फोनवर येऊन पडला होता: येत्या तीन तासांत मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने वारे. उन्हाळ्यात असे संदेश इतके येतात की कुणी उघडून बघत नाही. पाचच्या सुमारास सातपुड्याच्या अंगाने आभाळ काळंठिक्कर झालं. आधी धुळीचा लोट आला, मागोमाग वारा, मग टपोरे थेंब आणि थोड्या गारा. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. पाराजवळचा जुना कडुनिंब ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, तारांवर आडवा झाला, त्याच्या ओढीने सिमेंटचे दोन खांब बुडातून मोडले, डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, वाकडी झाली आणि तिच्यातलं तेल गळायला लागलं. आठ-नऊ घरांचे टिन उडाले. एका घराचे चार टिन अँगलसकट उडून दुसऱ्याच्या गोठ्यावर जाऊन बसले.

समुद्रकाठी चक्रीवादळ येतं तेव्हा त्याला नाव असतं आणि दोन-तीन दिवस आधी गाजावाजा असतो. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याच्या आधीच किनाऱ्यावरच्या लोकांना हलवलं होतं. आमच्याकडचं वावधन म्हणजे एका ढगाचा कारभार. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, त्यात समुद्रावरून आलेलं बाष्प मिसळलं की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, आणि पाऊस सुटला की त्यातली थंड हवा धाडकन खाली येऊन जमिनीवर पसरते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की हवामान खातं समुद्रावरच्या वादळाला चक्रीवादळ म्हणतं. इथले झोत तेवढे सहज गाठतात. फरक इतकाच की मार बसतो तो दोन-चार गावांच्या पट्ट्याला. शेजारच्या तालुक्यात पान हललेलं नसतं, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण त्याच कारणाने शेजारच्या तालुक्यातून टिन, बल्ल्या आणि सुतार त्याच दिवशी आणता येतात.

पहिल्या रात्री गल्लीने काय केलं, तर कापूस हलवला. मे महिन्यात घरात कापूस कसा, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. भाव वाढेल या आशेने पुष्कळ शेतकरी कापूस पुढच्या खोलीत गंजी घालून ठेवतात आणि स्वतः अंगणात बाज टाकून झोपतात. टिन उडालेल्या तीन घरांत असा कापूस होता. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यावर पूर्ण हमीभाव देते आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला कापूस घेतच नाही. मे महिन्यात तिची खरेदी बहुतेक संपलेली असते, पण व्यापारीही गंजीत हात खुपसून तोच हिशेब करतो. भिजलेला कापूस गंजीत राहिला तर गरम होतो, पिवळा पडतो. म्हणून अंधारात, मोबाइलच्या बॅटरीवर, लुगड्यांची आणि ताडपत्रीची बोचकी बांधून तो स्लॅबच्या घरांत गेला. एका घरातल्या म्हातारीने आपल्या देवघराची खोली उघडून दिली. “देवाले हलवता येते, कापूस भिजला त भिजला,” एवढंच ती म्हणाली. त्या रात्री कुणी कुणाला बोलवायला गेलं नाही. ज्याच्या डोक्यावर छत होतं तो बाहेर आला.

गाव एकत्र आलं, असं लिहून इथेच थांबता आलं असतं. पण पहिली रात्र सगळ्याच गल्ल्यांची चांगली जाते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर काय होतं ते पाहायला हवं.

पाणी

अंधाराचा त्रास लोकांनी फार धरला नाही. भारनियमन पाहिलेलं गाव आहे, कंदील अजून माळ्यावर आहेत. संपलं ते पाणी. नळयोजनेची विहीर नाल्याकाठी, तिच्यावर साडेसात एचपीची मोटर, आणि तिथून पाणी उंच टाकीत. वीज गेली तेव्हा टाकी अर्धी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी झाली. हापशी होती, पण दांडा तुटलेला. नळ आले तशी हापशीची कुणाला गरज उरली नव्हती. सार्वजनिक विहिरीला पाणी होतं, वर पॉलिथिन तरंगत होतं. माणसांचं कसंही भागतं. उन्हाळ्यात एक दुभती म्हैस दिवसाला ७०-८० लिटर पाणी पिते, तिला ‘उद्या येईल’ म्हणून सांगता येत नाही.

पाण्यापाठोपाठ पीठ. गिरणी विजेवर. गहू सगळ्यांच्या कोठीत भरलेला, पीठ मात्र दोन-तीन दिवसांपुरतं. ज्वारीचं पीठ तर कुणी जास्त दळून ठेवत नाही, कडवट होतं. पहिले दोन दिवस गल्ली भात आणि घोटलेल्या वरणावर राहिली. मग एक पोरगा सगळ्यांचे डबे मोटारसायकलवर लादून वीज असलेल्या शेजारच्या गावी गेला आणि दळून आणले.

पाण्याची पहिली वाट एका शेतकऱ्याने काढली. गावाला लागून त्याचा संत्र्याचा बगीचा. त्याच्या विहिरीवर सौर कृषिपंप, ५ एचपीचा. वाऱ्यात त्याच्या दोन पाट्या निखळल्या होत्या, एकीची काच तडकली होती. तरी ऊन चढलं की पंप पाणी ओढायचा. ट्रॅक्टरवर प्लास्टिकची टाकी ठेवून गल्लीत पाणी येऊ लागलं. गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाने टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून निदान अर्धा तास थांबायला लावलं. त्यावरून बायकांशी त्याची जुंपली, पण त्याने तोटी उघडू दिली नाही. या माणसाला मी पूर्ण मार्क देतो. वादळानंतरच्या आठवड्यात माणसं आजारी पडतात ती अशाच घाईत.

मात्र पंप ऊन आहे तोवरच चालणार, आणि त्या शेतकऱ्याची स्वतःची झाडं तहानलेली. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, लिंबाएवढी फळं झाडाखाली पसरली होती. उरलेली टिकवायची तर पाणी त्यालाही हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने तोंड उघडलं: “देतो मी पानी, नाही म्हनत नाही. पन माह्या झाडायनं काय पाप केलं?” पारावर सगळे गप्प झाले. शेजारधर्म इथे पहिल्यांदा अडखळला.

वही

त्या संध्याकाळी पारावर बचत गटाची सचिव असलेली एक सून बसली होती. दहावी झालेली, गटाची वही गेली सहा-सात वर्षं लिहिणारी. तिने शाळेची एक कोरी वही आणली आणि पाच रकाने आखले: दिवस, काय दिलं, कुणी दिलं, किती, कुणाला. पहिली नोंद त्या शेतकऱ्याच्या पाण्याची घातली, टाक्या मोजून. त्याला ते आवडलं नाही. “वहिनी, पान्याचे पैसे घेऊ का मी आता?” ती म्हणाली, “पैसे कोन म्हनते, भाऊजी? लिहून ठेवते फक्त. उद्या कोनी म्हनू नये का आमाले मालूम नव्हतं.”

माझ्या मते या प्रकरणाचा कणा ही वही आहे. आपल्याकडे उपकाराचा हिशेब ठेवणं कमीपणाचं समजतात. मदत केली ती बोलून दाखवू नये, हा संस्कार चांगलाच आहे. पण तो एका रात्रीपुरता पुरतो. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला वाटू लागतं की मीच जास्त केलं, आणि ते बोलायची सोय नसल्यामुळे मनात आंबतं. वहीने ती सोय केली. कुणी काय दिलं हे बोलायची गरज उरली नाही, आणि काहीच न देणाऱ्याला आपल्या नावापुढचा कोरा रकाना दिसू लागला.

त्याच रात्री मंडपवाल्याचा जनरेटर आला. १५ केव्हीएचा, गाड्यावर बसवलेला, एका लग्नातून परतलेला. त्यावर विहिरीची मोटर चालते, हे त्याला स्वतःलाच आधी पटेना. मोटर सुरू होताना नेहमीच्या कैकपट करंट ओढते, म्हणून जनरेटर मोटरच्या दुप्पट-अडीचपट ताकदीचा लागतो, हा पुरला. दोन-अडीच तासांत टाकी भरायची. भाडं त्याने घेतलं नाही, डिझेल मात्र गल्लीचं. डिझेल लिटरला नव्वदीच्या पुढे होतं, म्हणून वाटणी कशी, यावर तासभर काथ्याकूट झाला. घरटी सारखी म्हटली तर एकट्या विधवेला आणि सहा जनावरं असलेल्याला एकच भाव. माणशी म्हटलं तर जनावरं फुकट. शेवटी घरटी एक रक्कम आणि दर मोठ्या जनावरामागे थोडी वर, असं ठरलं. कुलूप लावून पुण्याला गेलेल्या घराचा वाटा कुणी भरायचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

पडलेल्या कडुनिंबाचं लाकूड कुणाचं, यावर हातघाईची वेळ आली होती. झाड रस्त्याच्या कडेचं, म्हणून सगळ्यांचं. ज्याच्या दारात पडलं तो म्हणे माझं. सरपंचांनी हात वर केले. तिथेही वहीच पुढे आली: ज्यांचे टिन उडाले त्यांना आधी सरळ फांद्या, आडवे लावायला, उरलेलं जळतण म्हणून गॅस संपलेल्यांना. बुंधा ग्रामपंचायतीचा. किराणेवाल्याने मेणबत्तीचा भाव वाढवला, तेही सचिवबाईने कुणाला न विचारता लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी भाव खाली आला.

एक नोंद वेगळी. गल्लीत इन्शुलिन घेणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. फ्रिज बंद, खोलीत चाळिशीच्या घरातलं तापमान. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी एका माठात दुसरं छोटं मडकं ठेवलं, मध्ये ओली रेती भरली, कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवली आणि वरून ओलं फडकं. वापरातली कुपी तिशीच्या आत राहिली की चालते. रेती दिवसातून तीनदा ओली करायचं काम शेजारच्या आठवीतल्या मुलीकडे, आणि वहीत तिचं नाव.

तार

लाइनमनवर लोकांचा राग होता. तो एकटा, त्याच्याकडे चार-पाच गावं. वीज जोडायचा क्रम लोकांना माहीत नसतो, म्हणून त्यात लबाडी दिसते. आधी ३३ केव्हीची वाहिनी, मग उपकेंद्र, मग ११ केव्हीचे फीडर, मग डीपी, मग गल्लीच्या तारा, आणि सर्वांत शेवटी एकेका घराची सर्व्हिस वायर. वरचं जोडल्याशिवाय खालचं जोडून उपयोग नाही. शिवाय तार जागेवर दिसली म्हणजे लाइन ठीक, असंही नसतं. दिवसभर तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर थंड पाणी पडलं की त्याला केसाएवढी चीर जाते, आणि ती शोधायला खांबाखांबाने फिरावं लागतं. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत बदलावी, असा वीज नियामक आयोगाचा निकष आहे, पण वादळासारख्या आपत्तीत त्यातून सूट मिळते. १९१२ वर तक्रार नोंदवून ठेवली तर तिचा क्रमांक पुढे उपयोगी पडतो. गल्लीत तेवढी रेंज एकाच गच्चीवर होती. मोबाइल टॉवरची बॅटरी पहिल्याच रात्री बसली होती.

तिसऱ्या दिवशी दोन पोरं मोटारसायकलवर उपकेंद्रापासून गावापर्यंत लाइनीखालून फिरली. कशालाही हात न लावता, कुठे खांब वाकला, कुठे फांदी अडकली, कुठे तार लोंबते, ते खांब मोजत लिहिलं, फोटो काढले आणि कागद लाइनमनच्या हातात दिला. त्याचा अर्धा दिवस वाचला. माझ्या पाहण्यात लाइनमनला शिव्या देणारी गावं पुष्कळ आहेत, असा कागद देणारं हे पहिलं.

त्याच दिवशी गल्लीत माणूस मरता मरता वाचला. किराणेवाल्याने छोटा पेट्रोल जनरेटर आणून दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीने तो घरातल्या सॉकेटमध्ये खुपसला. पंखा फिरला, फ्रिज चालला, तो खूश. मेन स्विच मात्र चालूच. घरातली वीज उलटी सर्व्हिस वायरीतून गल्लीच्या तारेवर जाते, आणि डीपीला जोडलेली तार असेल तर डीपी तिला ११ हजार व्होल्टपर्यंत चढवते. पुढच्या खांबावर लाइनमन चढणार होता. उपकेंद्राकडून त्याने परमिट घेतलेलं, म्हणजे तिकडून लाइन बंद असल्याची खात्री. पण या घरातून वीज येईल हे परमिटवाल्याला कुठून कळणार? तारा एकमेकींना जोडून जमिनीशी जोडण्याआधी टेस्टर लावायची लाइनमनची सवय, म्हणून तो वाचला. खाली उतरून तो किराणेवाल्याच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “शेटजी, माही पोरगी पाचवीत हाय.” एवढंच.

मंडपवाल्याचा जनरेटर विहिरीवर लावताना हेच टाळलं होतं. आधी ग्रिडकडून येणाऱ्या वायरीचे किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात ठेवायचे, मगच जनरेटर स्टार्टरला जोडायचा. लग्नाच्या मांडवात रात्री-अपरात्री वीज जोडून शिकलेला तो माणूस, त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

पाचव्या दिवशी दुसरी डीपी बसली. वीज आली आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन घरांचे टीव्ही आणि एका कूलरची मोटर जळाली. गल्लीच्या तारांत एके ठिकाणी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटून राहिला होता. न्यूट्रल नसला की तिन्ही फेजवरच्या घरांत व्होल्टेज आपसात वाटलं जातं, आणि ज्या फेजवर भार कमी तिथे २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. घराघराचे मेन बंद ठेवायला सांगितलं होतं. ही घरं निरोप पोचण्याच्या आत चालू झाली.

नाल्यापलीकडे

नाल्यापलीकडच्या वस्तीला जनरेटरने भरलेल्या टाकीचं पाणी तिसऱ्या दिवशी मिळालं. टाकी तीच, विहीर त्यांच्याच काठाची, पण पाइपलाइनच्या टोकाला असल्यामुळे आणि व्हॉल्व्ह आधी गल्लीकडे उघडल्यामुळे पाणी तिकडे पोचेपर्यंत संपायचं. वाईट हेतू नव्हता, असं गल्लीतले सांगतात. मला ते अर्धंच पटतं. डिझेलच्या बैठकीला तिथलं कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे वहीत त्यांचा रकानाच नव्हता. तिसऱ्या दिवशी तिथल्या चार बाया घागरी घेऊन थेट विहिरीवर आल्या, मोटरच्या आवाजात उभ्या राहिल्या आणि आमच्या घराची नावं लिहा म्हणाल्या. लिहिली. व्हॉल्व्ह आधी तिकडे, मग इकडे, असं त्या दिवसापासून झालं. वीज मात्र त्यांना गल्लीनंतर दोन दिवसांनी आली, कारण शेवटचा खांब त्यांचा.

पंचनामा

याबद्दल थोडक्यात. टिन पुन्हा चढवायची घाई सगळ्यांना असते. फोटो काढल्याशिवाय चढवू नये, हे आशाताईंनी घरोघर सांगितलं, तेही जनरेटरवर फोन चार्ज करून देत. गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे. अवेळी पाऊस आणि वीज कोसळणं राज्याने आपल्या यादीत घातलं आहे. तेव्हा पंचनाम्यात कारण काय लिहिलं जातं ते वाचून सही करावी. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० अशी मदत होती. फळबागेला ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर हेक्टरी २२,५०० होते, दोन हेक्टरपर्यंत. भिजलेल्या कापसाला यात जागा नव्हती. शेतातलं पीक गेलं तर पीक, घरात आणलं की तो तुमचा माल. यादीत नाव आल्यावरही तेव्हा सेवा केंद्रात जाऊन अंगठा देऊन केवायसी केल्याशिवाय पैसे खात्यात येत नव्हते. दोन म्हाताऱ्यांचे अंगठे मशीन घेईना, त्यांचे पैसे तसेच अडकले आहेत.

त्या संत्रेवाल्याने शेवटपर्यंत पैसे घेतले नाहीत. वहीत त्याच्या नावावर सर्वांत मोठी बाकी होती. आठवड्याने गल्लीतली दहा-बारा माणसं त्याच्या बगीच्यात गेली, कलंडलेली झाडं उभी करून बांबूचे टेकू दिले, मोडलेल्या फांद्या आरीने साफ कापल्या आणि जखमांना बोर्डो मलम लावलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. सचिवबाईने ते दिवस मजुरीच्या दराने मांडले आणि त्याची बाकी खोडली. तो हसला, पण खोडू दिली.

विहिरीच्या मोटरवर आता चेंजओव्हर स्विच, म्हणजे ग्रिड किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा खटका, बसला आहे, ग्रामपंचायतीच्या खर्चाने. हापशीला दांडा आला. नाल्यापलीकडे वेगळी डीपी हवी, असा ग्रामसभेचा ठराव झाला आहे. अर्ज वीज कंपनीकडे गेला आहे, अजून पाहणीला कुणी आलेलं नाही.